सात वर्षांची पड आणि हरळीची पेरे

पाटण तालुक्यातील आमचे अडतीस गुंठ्यांचे रान सात वर्षे पड होते. वडिलांच्या पश्चात पुण्यात राहून ते कसणे मला जमले नाही, आणि ज्यांना वाट्याने दिले होते त्यांनीही दुसऱ्याच वर्षी अंग काढून घेतले. मागे एका दसऱ्याला बांधावर उभा राहिलो, तेव्हा आत पाऊल टाकायला वाट नव्हती. वरच्या ताली घाणेरीने व्यापलेल्या, मधल्या भागात कमरेएवढे गवत, आणि ओघळीकडच्या खोलगट तुकड्यात हरळी व लव्हाळा या तणांची घट्ट वीण.

त्या वेळी मला वाटले की हे दोन दिवसांचे काम आहे. भाड्याने ब्रश कटर, म्हणजे गवत कापायचे हातातले यंत्र, आणला आणि गवतापासून सुरुवात केली. हा क्रम मात्र बरोबर ठरला, कारण मधल्या भागात मारवेल आणि पवन्या या चाऱ्याच्या गवतांबरोबर कुसळीही होती, आणि कुसळीला टोचणारी कुसे धरण्याआधी ती कापली तरच जनावरे तिला तोंड लावतात. चुलत्यांनी गवत विळ्याने कापून पेंढ्या बांधण्याचा आग्रह धरला होता; यंत्राला लावलेल्या नायलॉनच्या दोरीने गवताचा भुगा होतो आणि चारा वाया जातो, हे त्यांचे म्हणणे पहिल्या तासातच पटले. दोरीऐवजी पाते लावल्यावर काम सुधारले. यंत्राचे पाते डावीकडे फिरते, म्हणून उजवीकडून डावीकडे झोत घेतला की कापलेले गवत डाव्या हाताला ओळीने पडते. मात्र पात्याची पुढची उजवी कड दगडाला लागली तर यंत्र जोराने हिसका देते. आमच्या रानात दगडांना तोटा नाही. जवळ कोणी येऊ नये म्हणून पंधरा मीटरचे अंतर सांगितलेले असते, तरी पाणी घेऊन येणारी पोरे ते पाळत नाहीत, हा भाग वेगळा. गवतात घोणस असते, त्यामुळे गुडघ्यापर्यंतचे बूट घालूनच आम्ही आत उतरलो.

घाणेरीने मला खरा धडा दिला. जमिनीलगत कापलेल्या बुंध्यांना महिन्याभरात आठ-दहा कोंब फुटले, आणि आधी जिथे एक काठी होती तिथे आता झुडूप झाले. हे फुटवे खोड आणि मूळ जिथे मिळतात त्या जागेतून येतात. म्हणून कुदळीने माती सारून ती जागा उघडी करायची, चार बोटे खाली मुळावर घाव घालायचा आणि खुंट उपटून मुळे आभाळाकडे करून ठेवायची. एका गड्याचे दिवसभरात मोजकेच खुंट निघतात. काही जणांनी पेटवून द्या असे सुचवले, पण आमच्या भागात माघ-फाल्गुनात लागलेला वणवा कोणाच्या बांधाशी थांबत नाही, आणि जळलेली घाणेरी बुडातून पुन्हा फुटतेच.

आता माझी चूक सांगतो. खोलगट तुकड्यात घाई करून मी थेट रोटाव्हेटर, म्हणजे माती बारीक करणारे ट्रॅक्टरचे अवजार, घातला. रान दोन दिवस लोण्यासारखे दिसले. हरळीच्या प्रत्येक पेराला मूळ धरण्याची ताकद असते, आणि मी तिचे हजारो तुकडे करून ते ओल्या मातीत सारखे पसरवून दिले होते. चुलते बांधावरून एवढेच म्हणाले, ‘‘हरळीची लावण चांगली केलीस.’’ हरळीसाठी एप्रिल-मे महिन्यांत माती उलथवणाऱ्या पलटी नांगराने खोल नांगरट करावी लागते, ढेकळे फोडायची नाहीत, उन्हात मुळे वाळू द्यायची आणि उरलेली हाताने वेचून बांधाबाहेर टाकायची. लव्हाळ्याच्या गाठी याहून चिवट. त्या एका उन्हाळ्यात संपत नाहीत.

तणनाशकाचा विचारही झाला. ग्लायफोसेट हिरव्या पानांतून मुळापर्यंत उतरते, म्हणून ते जोमाने वाढणाऱ्या तणावरच लागू पडते, आणि गढूळ पाण्यात कालवले तर मातीच्या कणांना चिकटून निकामी होते. केंद्र सरकारने 2022 मध्ये त्याचा वापर कीटकनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला; ओघळीचे पाणी खालच्या विहिरीकडे जाते, म्हणून मी तो विषय तिथेच सोडला.

गाजर गवताकडे, म्हणजे गावच्या भाषेतल्या काँग्रेसकडे, मात्र मी नंतर वळलो. त्याचा बंदोबस्त फुलोऱ्याआधी, ओल असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटण्यानेच होतो. फुलल्यावर कापले तर एका झाडाचे हजारो दाणे रानभर होतात. जुलैत त्यावर पांढुरके, काळपट रेषांचे भुंगे दिसले. हे मेक्सिकन भुंगे 1984 मध्ये याच कामासाठी भारतात सोडले गेले, आणि त्यांनी पाने चाळणीसारखी केलेला पट्टा मी मुद्दाम उपटला नाही.

गेल्या पावसाळ्यात वरच्या बारा गुंठ्यांत हिरवळीच्या खतासाठी ताग दाट पेरला. त्याच्या सावलीखाली बारीक तण उठले नाही, आणि फुलोऱ्याच्या सुमारास तो गाडून टाकला. या वर्षी तिथे भुईमूग आहे, आणि ई-पीक पाहणीत, म्हणजे पिकांच्या सरकारी मोबाइल नोंदणीत, त्याची नोंद मी स्वतः बांधावरून केली. बांधावरची करवंदाची जाळी तशीच ठेवली आहे. खोलगट तुकड्यात लव्हाळा अजून आहे. त्यासाठी वैशाखात यायला नांगरवाल्याला सांगून ठेवले आहे, रोटाव्हेटरवाल्याला नव्हे.