तुम्ही विचारलंत म्हणून: किट राहू द्या, आधी मीटर आणा

शाळांना सुट्टी लागली की हा प्रश्न ठरलेला. "पोराला इलेक्ट्रॉनिक्सची फार आवड आहे हो, कुठलं किट घेऊन देऊ?" कधी सातपूरच्या कंपनीतला सहकारी विचारतो, कधी सोसायटीतल्या एखाद्या वहिनी. नुकतेच रिटायर झालेले काकाही विचारतात, फक्त स्वतःसाठी. वयं वेगळी असली तरी माझं उत्तर बदलत नाही. किट राहू द्या, आधी एक मल्टीमीटर आणा, म्हणजे व्होल्ट, करंट आणि ओहम मोजणारा मीटर.

किटवर माझा राग नाही. पण चित्रात दाखवलंय तशा वायरी खोचल्या आणि दिवा लागला, तर तो का लागला हे मुलाला कळत नाही. नाही लागला, तर मग काहीच कळत नाही. डबा कपाटावर जातो आणि आवडही त्याच्यासोबत वर जाते. मीटर हातात असला की बंद पडलेलं सर्किट हेच शिकण्याचं साधन होतं. साधा, स्वस्त डिजिटल मीटर चालेल. फक्त कंटिन्युइटीला (वायर सलग आहे का हे तपासताना) बीप वाजणारा घ्या, कारण डोळे वायरवर आणि कान मीटरकडे ठेवून काम करता येतं.

पहिला प्रयोग मी नेहमी हाच सांगतो. ९ व्होल्टची बॅटरी, एक लाल एलईडी आणि ६८० ओहमचा रेझिस्टर, तिन्ही एकामागोमाग एक ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता भाग खोचायची भोकांची पाटी) जोडा. दिवा लागला की थांबू नका, मोजा. एलईडीच्या दोन पायांवर २ च्या आसपास व्होल्ट दिसतील. रेझिस्टरवर ७ च्या आसपास. आता बॅटरी मोजा. पहिल्या दोन आकड्यांची बेरीज! हे मुलाला आधी सांगू नका, त्याला वहीत तीन आकडे लिहू द्या आणि स्वतः बघू द्या. मग लाल काढून निळा एलईडी लावायला सांगा. निळ्यावर ३ च्या आसपास दिसेल आणि रेझिस्टरच्या वाट्याचे तेवढे कमी होतील. रेझिस्टरवरचे ७ व्होल्ट भागिले ६८० म्हणजे साधारण १० मिलीअँपिअर, साध्या एलईडीला पुरेसे आणि झेपणारे. ओहमचा नियम (व्होल्ट भागिले ओहम म्हणजे करंट) पाठ करण्याआधी तो असा टेबलावर दिसायला हवा, असं मला अगदी मनापासून वाटतं.

मीटरचं एक पथ्य आहे. करंट मोजून झाला की लाल वायर लगेच व्होल्टच्या भोकात परत आणायची. ती १० अँपिअरच्या भोकात राहिली आणि तुम्ही बॅटरीचे व्होल्ट मोजायला गेलात, तर तो सरळ शॉर्ट होतो. आणि स्वस्त मीटरमध्ये त्या भोकाला बहुतेक वेळा फ्यूजच नसतो.

यानंतर घरातली एक खरी अडचण निवडा. नाशिकमध्ये ती शोधायला लांब जावं लागत नाही, गच्चीवर जायचं. नळाला पाणी येतं, ते खालच्या टाकीत पडतं, मोटर लावली जाते, आणि गंगापूर धरणातून एवढ्या खटपटीनं आलेलं पाणी समोरच्या भिंतीवरून वाहत असतं, शेजारच्यांनी हाक मारेपर्यंत. म्हणून टाकी भरली की वाजणारा अलार्म करू या. त्याला लागतो एक बीसी ५४७ ट्रान्झिस्टर (कलेक्टर, बेस, एमिटर असे तीन पाय, बेसच्या छोट्या करंटनं मोठा करंट चालू करणारा), एक १० के म्हणजे १० हजार ओहमचा रेझिस्टर, एक ९ व्होल्टवर चालणारा बझर आणि बॅटरी. बझर बॅटरीचा प्लस आणि कलेक्टर यांच्यामध्ये. एमिटर मायनसला. बेसवरून १० के, तिथून एक वायर टाकीच्या वरच्या कडेजवळ. दुसरी वायर प्लसवरून निघून तिच्याच शेजारी. पाणी दोन्ही टोकांना टेकलं की पाण्यातून बेसला चिमूटभर करंट मिळतो आणि ट्रान्झिस्टर बझरला वाट मोकळी करून देतो. टाकी भरत नाही तोवर बॅटरीतून जवळजवळ काहीच जात नाही.

बीसी ५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे, पाय खाली, म्हणजे डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. दुसऱ्या नंबरचा ट्रान्झिस्टर आणलात तर हाच क्रम धरू नका. मीटर डायोडच्या खुणेवर ठेवा. लाल टोक बेसवर असताना काळं टोक उरलेल्या दोन्ही पायांना लावल्यावर ०.६ ते ०.७ दिसतं, आणि त्या दोघांत जिथे किंचित जास्त दिसतं तो एमिटर.

आता जरा जवळून बघण्यासारखी गोष्ट. पाणी खाली गेलं की कळावं म्हणून काही जण तांब्याच्या वायरी टाकीच्या तळापर्यंत सोडतात. काही आठवड्यांनी वर काढून बघा. मायनसची वायर बऱ्यापैकी शाबूत, आणि प्लसची हिरवी पडून टोकाला झिजलेली. एकाच दिशेचा करंट पाण्यातून सतत गेला की प्लसकडचा धातू पाण्यात उतरत जातो. वरच्या कडेच्या अलार्मला हा त्रास कमी, कारण तिथं पाणी थोडाच वेळ टेकतं. तरीही मी टोकाला स्टेनलेस स्टीलचे स्क्रू लावायला सांगतो. पिण्याच्या पाण्याची टाकी असेल तर सरळ फ्लोट स्विच घ्या. त्यात तरंगणाऱ्या भागात लोहचुंबक असतो, दांडीत बंद काचेचा, लोहचुंबकानं चालणारा रीड स्विच असतो, आणि पाण्यातून करंट जातच नाही. सर्किट मात्र खाली घरात ठेवा, गच्चीवर फक्त वायर न्या. आपला पाऊस उघड्यावरच्या डब्याला दुसरा हंगाम बघू देत नाही.

सोल्डरिंगचं थोडक्यात सांगतो. २५ वॅटचा सोल्डरिंग आयर्न आणि ६०/४० ची (कथील ६०, शिसं ४० टक्के) फ्लक्सवाली सोल्डर वायर पुरते. एमजी रोडवर मोबाईल रिपेअरचं सामान ठेवणाऱ्यांकडे हे सगळं मिळतं. टोकानं बोर्डावरचं पॅड आणि भागाचा पाय दोन्ही एकदम तापवा, सोल्डर वायर आयर्नला नको, सांध्याला लावा. सांधा चमकदार आणि उतरता दिसला तर ठीक. गोळी बसल्यासारखा दिसला तर ते ड्राय सोल्डर, पुन्हा तापवा. त्या वायरीत शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवायची आणि झाल्यावर साबणानं हात धुवायचे, मग खाणं.

गणपतीच्या आराशीसाठी १२ व्होल्टची एलईडी पट्टी हा दुसरा चांगला धडा. तिच्यात तीन-तीन एलईडींचे गट असतात, खुणेवरच कापायची. पाच मीटरची भरपूर उजेडाची पट्टी सहा अँपिअरपर्यंत ओढू शकते, त्यामुळे राऊटरचा जुना अ‍ॅडॉप्टर तिला पुरत नाही. मखराच्या टोकाचा उजेड मंद वाटला की दोन्ही टोकांना व्होल्ट मोजा. शेवटाला कमी दिसले, तर तिथूनही सप्लाय जोडा.

आता जे सांगताना मी कुणाची भीड ठेवत नाही ते. अ‍ॅडॉप्टरमधून बाहेर येणारी कमी व्होल्टची बाजू तुमची, भिंतीच्या प्लगकडची नाही. व्हिडिओ बघून बंद पडलेला एलईडी बल्ब उघडतात आणि चालू ठेवून जळालेला एलईडी शोधतात. पुष्कळ बल्बांमध्ये आतलं सर्किट मेनपासून वेगळं केलेलंच नसतं, म्हणजे त्या इवल्याशा एलईडीच्या पायावरही २३० व्होल्टचा फेज असू शकतो. ट्रान्सफॉर्मर न वापरता कॅपॅसिटरवरून ५ व्होल्ट काढणारी सर्किट्सही तशीच. उघडलेल्या चार्जरमधला ४०० व्होल्टचा कॅपॅसिटर प्लग काढल्यावरही भरलेला राहू शकतो. टेस्टर पेटला नाही म्हणजे वायर मेली, असंही धरू नका. एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच) वायर वाचवतो, माणूस नाही. माणसासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) लागतो आणि अर्थिंग नीट लागतं. घरात तो नसेल तर छंदाचे पैसे आधी त्यावर घाला.

"अलार्म झाला, आता मोटर आपोआप बंद करू या," हे पुढचं पाऊल प्रत्येकाला सुचतं. निळ्या रिलेवर (छोट्या करंटनं चालणारा स्विच) १० अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर सुरू होताना चालू करंटच्या कितीतरी पट ओढते आणि रिलेचे पॉइंट चिकटतात. चिकटले की मोटर बंदच होत नाही. तिथं कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरसाठीचा दणकट रिले, हवा, आणि तो परवानाधारक वायरमनकडूनच बसवून घ्यायचा.

अर्डुइनो (प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड) कधी? मुलगी किंवा मुलगा स्वतः म्हणेल, "भरली हे कळतं, पण किती भरली ते हवंय," तेव्हा. मग त्याच जातीचा ईएसपी बोर्ड आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवरून अंतर मोजणारा अल्ट्रासॉनिक सेन्सर आणा. सेन्सरचा एको पाय ५ व्होल्ट देतो आणि बोर्डला ३.३ पेक्षा जास्त चालत नाही, म्हणून मध्ये दोन रेझिस्टर: सेन्सरकडून १ के, ग्राउंडकडे (मायनसकडे) २ के, बोर्ड मधल्या बिंदूवर. बोर्ड जोडायच्या आधी सेन्सरच्या जागी नुसते ५ व्होल्ट देऊन मधला बिंदू मोजा. ३.३ च्या आसपास दिसलं, तरच बोर्ड जोडा.