उन्हाळी बाजार: आधी कांद्याची माळ, शेवटी ताडगोळे

मुंबईतल्या शेतकरी आठवडे बाजारात एप्रिल-मेमध्ये मी ऊन चढायच्या आत पोचते. खरेदीचा क्रम ठरलेला: टणक माल आधी, नाजूक शेवटी. क्रम चुकला की करवंदांचा रस पिशवीतच निघतो.

सुरुवात अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळेने. माळेतल्या दोनचार कांद्यांची मान चिमटीत दाबून बघायची. मान सुकून बारीक झालेली असेल तर कांदा टिकतो, जाड आणि ओलसर असेल तर लवकर सडतो. घरी माळ वाऱ्याला टांगायची, टोपलीत ढीग करायचा नाही.

खरा वेळ हापूसला द्यावा. पेटीचा भाव विचारण्याआधी किती डझनाची ते विचारा. मोठ्या फळाची पेटी 4 डझनांत भरते, बारक्याला 6-7 डझन लागतात. नुसत्या डझनावर भाव केला तर फसगत होते, म्हणून मी हुकाचा छोटा काटा जवळ ठेवते. खालचा थर उचलून बघितल्याशिवाय पेटी घेत नाही. वर 250 ग्रॅमची फळं आणि खाली 150 ची, हे नेहमीचं आहे.

तयार आंब्याचे खांदे देठाच्या वर आलेले असतात आणि देठ खळग्यात बसलेला दिसतो. खांदे उतरते असतील तर फळ कोवळं उतरवलंय. ते पिकण्याऐवजी सुरकुततं. कार्बाइडने फळ पिकवायला बंदी आहे, तरी सगळी फळं एकसारखी पिवळीधमक आणि देठाशी वास नाही असं दिसलं तर मी पुढे जाते. कर्नाटकचा आंबाही हापूस म्हणून हातात येतो. त्याची साल जाड असते आणि आत केशरीऐवजी पिवळा गर निघतो, त्यामुळे एक फळ कापून दाखवा म्हणायला अजिबात लाजू नये. साका, म्हणजे गरात पडलेला पांढरट, स्पंजासारखा खराब भाग, मात्र बाहेरून ओळखता येत नाही. झाडावर जास्त राहिलेल्या फळात तो जास्त सापडतो, म्हणून 1 डझन पिकलेला आणि बाकी टणक हिरवा घ्यावा.

हिरव्या फळांची घरी पेंढ्यात आढी लावायची, दोनच थर. रोज फळं बघायची, कारण देठाशी काळा पडलेला एक आंबा शेजारच्यांनाही नासवतो. पिकायच्या आधी फ्रिजमध्ये ठेवलेला हापूस नीट पिकत नाही, फिकाच राहतो. खाण्याआधी तासभर पाण्यात ठेवावा.

ओले काजू सोललेले असले तरी आतलं पातळ साल राहतं. गरम पाण्यात 15-20 मिनिटं ठेवलं की ते सुटतं. हाताला आधी खोबरेल लावा, चीक राहिला असेल तर कातडी भाजते.

ताडगोळे निघताना घ्यायचे, तेही समोर फोडून. बोटाने दाबल्यावर लिबलिबीत लागला आणि आत पाणी हललं तर कोवळा. टणक लागला तर जून, चामट निघणार. ते त्याच दिवशी संपवायचे.