आठ लाख वर्षांची हवा

आज वरळीला एका व्याख्यानात अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या पातळ चकतीचा फोटो पाहिला. आत बारीक बारीक बुडबुडे, आणि त्यांत त्या काळची खरीखुरी हवा! हिमाचे थर साचत जातात, खालचे दबून बर्फ होतात, मधली हवा मात्र बऱ्याच नंतर, बर्फ घट्ट झाल्यावर कोंडली जाते. (म्हणून ती भोवतीच्या बर्फाहून वयाने लहान असते, हे मला फारच आवडलं.) निर्वात पात्रात बर्फ चुरडून ती हवा मोजतात. अंटार्क्टिकातल्या डोम सी या ठिकाणी ३ किलोमीटरहून खोल खोदून काढलेल्या बर्फात ८ लाख वर्षांचा हिशोब आहे. कार्बन डायऑक्साइड दहा लाखांत साधारण १८० ते ३०० भाग, एवढ्यातच खालीवर. आज ४२०च्या वर. आकडा ऐकून पोटात गोळाच आला. लेकीला हे सगळं नीट समजावून सांगणार आहे.