सगळ्या पाहुण्यांना एकच डबा : आमची वाटचाल

ठाण्यात चरईला आमचं छोटं किचन आहे. दर डिसेंबरात तिथे नाताळच्या खाऊचे डबे भरले जातात. डबा तळहातावर मावणारा, किंमत १२० रुपये. त्यात गहू-मैदा नाही, अंडं नाही, दूध-तूप नाही, शेंगदाणे, काजू, बदाम नाहीत, जमिनीखाली उगवणारं ओलं काही नाही. हे ऐकून नवं गिऱ्हाईक विचारतंच, मग उरलं काय? तांदूळ, नाचणी, नारळ, गूळ, पेरू, सुंठ, मगज म्हणजे कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बिया, मखाणे आणि असंच थोडंफार. एवढ्यावर नाताळ छान साजरा होतो.

२०१६ पर्यंत मी आणि माझ्या जाऊबाई दिवाळीचा फराळ करून द्यायचो. चकली, चिवडा, करंज्या, चारचौघी करतात तसंच. मग नणंदेच्या मुलीला सीलिअक असल्याचं निदान झालं. या आजारात गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर हल्ला करतं. त्यावर एकच इलाज, ग्लूटेन आयुष्यभर बंद. थोडंसं खाल्लं तर चालेल अशी सवलत नसते. आपल्याकडे मात्र पाहुण्याला आग्रह केल्याशिवाय यजमानाचं समाधान होत नाही. ‘घे गं, एकाने काय होतंय!’ हे वाक्य त्या पोरीने प्रत्येक सणाला, प्रत्येक घरी ऐकलं.

आमच्या इमारतीत मूळच्या म्हापशाच्या एक काकी राहतात. नाताळला त्यांच्याकडून विणलेल्या रुमालाखाली झाकलेलं ताट येणार हे ठरलेलं. त्या वर्षी ताट पाठवण्याआधी त्यांनी फोन करून विचारलं, ‘पोरीला काय चालतं ते सांग.’ मग ताटात दोदोल आणि पेराद आली, तीही सगळ्यांसाठी तीच. दोदोलमध्ये तांदळाचं पीठ, नारळाचं दूध आणि माडाचा काळा गूळ. पेराद म्हणजे पेरूचा गर साखर-लिंबू घालून आटवलेली वडी. दोन्हींत गव्हाचा कण नाही आणि कोणी आजारी म्हणून केलेले पदार्थही नाहीत हे. गोव्यात पिढ्यान्‌पिढ्या होत आलेले आहेत. मुलीला वेगळी वाटी काढून द्यावी लागली नाही, म्हणून कोणी तिला काही विचारलंही नाही.

तिथूनच आमचा धंदा ठरला. पथ्य असलेल्या पाहुण्यासाठी ‘स्पेशल’ डबा करायचा नाही. सगळ्यांना एकच डबा, आणि तो शक्यतो सगळ्यांना चालेल असा. वेगळा डबा हातात दिला की चार लोकांत त्या माणसाच्या पोटाची चर्चा सुरू होते. पथ्य पाळणाऱ्याला खाऊ न मिळण्यापेक्षा ही चर्चा जास्त नकोशी असते, हे मी जवळून पाहिलंय.

बोलायला सोपं, करायला अवघड होतं. नाचणीत ग्लूटेन नसतं हे खरं, पण ती कोपऱ्यावरच्या गिरणीत दळली की आधीच्या गव्हाचं पीठ तिच्यात उतरतं. म्हणून पहिली खरेदी घरघंटीची झाली. धान्य अख्खं आणायचं आणि सुपात घेऊन निवडायचं. नाचणीचा दाणा बारीक आणि गोल, त्यात गव्हाचा लांबट दाणा लगेच नजरेत येतो. ज्वारीत तो लपतो, म्हणून ज्वारी आम्ही सोडून दिली. हिंग तर फारच फसवा. बाजारातला बांधणीचा हिंग बहुतेक वेळा गव्हाच्या पिठात किंवा मैद्यात मळलेला असतो. आमच्या तांदूळ-मूगडाळीच्या चकलीत हिंग नसतो; ओवा आणि तीळ असतात. ग्लूटेन-फ्री म्हणायचं तर नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन चालत नाही, म्हणून हंगामाच्या आधी नमुने प्रयोगशाळेत जातात. तो खर्च छोट्या धंद्याला जाणवतो. तरी त्यात काटकसर करायची नाही, असं आम्ही दोघींनी ठरवलंय.

कुलकुलांनी, म्हणजे नाताळच्या तळलेल्या गोड शंखांनी, आमची खरी परीक्षा घेतली. मूळ कृतीत मैदा किंवा रवा आणि बरेचदा अंडं. काट्याच्या (फोर्कच्या) पाठीवर किंवा नव्या कंगव्याच्या दातांवर गोळी दाबायची आणि वळून शंखासारखी गुंडाळायची. तांदळाच्या पिठाला तो चिवटपणा कुठला? वळताना तुकडे पडायचे. जाऊबाई म्हणाल्या, ‘मोदकाला करतो तशी उकड काढून बघू या.’ नारळाच्या दुधात उकड काढली, गरम असतानाच तेलाच्या हाताने मळली आणि कंगव्यावर रेषा अशा स्वच्छ उमटल्या की काकींनी पाहून मान डोलावली. उकड सैल झाली तर मात्र कुलकुल तेलात फुटतं आणि अंगावर तेल उडतं. म्हणून तळणीवर जाऊबाईच उभ्या राहतात, तिथे दुसऱ्या कोणाला सोडत नाहीत.

पेरादचं काम माझ्याकडे. थंडीत पेरू चांगला आणि स्वस्त मिळतो. उकडलेला पेरू चाळणीवर घासायचा, बिया वर राहतात. मग जाड बुडाच्या पातेल्यात साखर-लिंबासोबत गर आटवत बसायचं. पांढरट गर हळूहळू विटकरी होत जातो. उलथनं ओढल्यावर पातेल्याचा तळ स्पष्ट दिसला आणि गोळा आळसटल्यासारखा परत जवळ आला की उतरवायचं. थापायच्या ताटाला तुपाऐवजी खोबरेल.

मार्झिपॅन म्हणजे एरवी बदामाच्या लगद्याची मिठाई; आम्ही ती मगजाची करतो. कलिंगड-खरबुजाच्या सोललेल्या बियांचा लगदा बदामाइतका श्रीमंत लागत नाही हे खरं, पण चांदण्या आणि घंटा साच्यातून सुरेख निघतात. गुलाबी रंगाला बीट घातलं असतं तर जैन पाहुण्यांना डबा बंद झाला असता, म्हणून कोकम. ओलं आलं नाही, सुंठ. मध नाही, गूळ. चांदणीच्या आकाराची नाचणीची बिस्किटं लवंग-दालचिनी-सुंठीच्या वासानेच नाताळची वाटतात.

मधुमेहाचं मात्र मी स्पष्टच सांगते. गुळाचं केलं की डायबेटिसला चालतं, हा समज घरोघरी आहे आणि तो चुकीचा आहे. गूळ आणि खजूर यांनीही रक्तातली साखर वाढतेच. त्यामुळे आमच्या डब्यावर ‘शुगर-फ्री’ लिहिलेलं तुम्हाला कधी दिसणार नाही. डब्याचे दोन कप्पे असतात. एकात गोड, दुसऱ्यात भाजलेले मखाणे, भोपळ्याच्या बिया आणि चकली. ज्याने त्याने आपापल्या डॉक्टरांनी सांगितलंय तसं खावं. डबा वरून सगळ्यांचा सारखाच दिसतो.

झाकणाच्या आत एक चिठ्ठी असते, मोठ्या अक्षरात, मराठी आणि इंग्रजीत. आधी काय घातलंय ते, मग काय नाही ते. गहू, दूध, अंडी, शेंगदाणे, काजू-बदामवर्गीय फळं, सोयाबीन असे ॲलर्जीचे घटक असतील तर ते पाकिटावर सांगायला हवेत असा २०२० च्या लेबलिंगच्या नियमांचा दंडक आहे. आम्ही तीळ आणि नारळही ठळक लिहितो. यात काय आहे, असं यजमानाला विचारायला पाहुणा संकोचतो. चिठ्ठी असली की विचारावंच लागत नाही.

स्वस्त कसं परवडतं, हेही विचारतात. काजू, बदाम, लोणी, अंडी हाच नाताळच्या खाऊतला महाग माल, आणि तो आमच्याकडे मुळातच नाही. तांदूळ-नाचणी-पेरूला पैसे कमी लागतात, हात जास्त लागतात. उथळसरच्या ताई हंगामात मदतीला येतात आणि मजुरी हाच आमचा सगळ्यात मोठा खर्च आहे, तसा तो असावाही. पुठ्ठ्याचे डबे जांभळी नाक्यावरून घाऊक आणतो. १ जुलै २०२२ पासून मिठाईच्या खोक्यांवर गुंडाळायच्या प्लॅस्टिकवर देशभर बंदी आली. आम्ही त्याआधीच कागदी पट्टी आणि सुती दोऱ्यावर आलो होतो, त्यामुळे धावपळ झाली नाही. ज्यांना १२० रुपयेही जास्त वाटतात त्यांच्यासाठी ६० रुपयांची पुडी आहे, एक गोड, एक तिखट.

सुरुवातीची गिऱ्हाइकं तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या आसपासची, काकींच्या ओळखीतली. नंतर घोडबंदर रोडवरच्या सोसायट्या आल्या, जिथे एका मजल्यावर जैन, गोवेकर आणि मल्याळी शेजारी असतात. आता सगळ्यात मोठी मागणी वागळे इस्टेट आणि ऐरोलीच्या ऑफिसांतून येते. सीक्रेट सांता म्हणजे चिठ्ठी काढून एकमेकांना गुपचूप भेट देणं; त्याचं बजेट दोनशे रुपये आणि चिठ्ठीत कोणाचं नाव येईल माहीत नाही, तेव्हा सगळ्यांना चालणारा खाऊ हवाच असतो. एका कंपनीने मोठी ऑर्डर देऊन अट घातली होती, सोबत काजू-चिक्कीही करून द्या. आम्ही ऑर्डर सोडली. किचनमध्ये एकदा काजू आला की आधीच्या सगळ्या चिठ्ठ्या खोट्या ठरतात.

खाऊऐवजी मेणबत्ती किंवा कंदील का देत नाही, असा सल्लाही बऱ्याच जणांनी दिला. सुंदर वस्तू आहेत, जरूर द्याव्यात. पण सणाला इतरांना खाऊ आणि पथ्यवाल्याला मेणबत्ती हे मला पटत नाही. त्यालाही तोंड गोड करायचं असतं.

ऑर्डर १० डिसेंबरपर्यंत घेतो. दोदोल फ्रिजबाहेर आठवडाभर टिकतं, पेराद आणि कुलकुल त्याहून जास्त टिकतात. पाहुण्यांपैकी कोणाला नारळाची किंवा तिळाची ॲलर्जी असेल तर आधी फोन करा. नारळ आमच्या बहुतेक पदार्थांत आहे आणि बिस्किटंही त्याच ओट्यावर लाटली जातात, त्यामुळे त्या पाहुण्यासाठी आमचा डबा घेऊ नका असंच आम्ही सांगू, आणि त्यांना काय देता येईल ते फोनवर सुचवू.