तिसऱ्या सकाळी धमनी सापडेना

लिव्हर ट्रान्सप्लांट: रुग्ण वडील, डोनर मुलगा, दिलेला भाग लिव्हरचा उजवा लोब. दोन दिवस उतरत असलेलं एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, ऑपरेशननंतर तिसऱ्या सकाळी 280 वरून थेट 740 वर गेलं. पोट मऊ, ताप नाही. रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीचं, डॉप्लरचं मशीन घेऊन मी आयसीयूत गेलो.

आतड्यांकडून लिव्हरला रक्त आणणाऱ्या पोर्टल व्हेनमध्ये प्रवाह छान, लिव्हरमधून रक्त बाहेर नेणाऱ्या हिपॅटिक व्हेनच्या लाटाही नीट. पण पोर्टलला चिकटून जाणाऱ्या हिपॅटिक धमनीचा, म्हणजे लिव्हरच्या धमनीचा, ठोका मिळेना. एवढ्यावरच गुठळी म्हणून मोकळं होता येत नाही. बरगड्यांच्या फटीतून प्रोब लावला, मंद प्रवाहही पकडता यावा म्हणून मशीनचा स्केल खाली आणला, वॉल फिल्टर किमान ठेवला, गेन वाढवला. काही नाही. सरासरी रक्तदाब 72 होता, म्हणजे कमी दाबावर खापर फोडायची सोय नव्हती. मग शिरेतून मायक्रोबबल कॉन्ट्रास्ट, म्हणजे सोनोग्राफीत रक्त उजळवणारे सूक्ष्म बुडबुडे, दिलं; त्याचा किडनीला त्रास नाही, रुग्णालाही हलवावं लागत नाही. पोर्टल उजळली, धमनी काळीच. सीटी अँजिओत (रक्तवाहिन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये) ती डोनरची आणि रुग्णाची धमनी शिवलेल्या जोडापाशी तुटक थांबलेली दिसली.

लिव्हरचं बहुतेक रक्त पोर्टलमधून येतं, पण पित्तनलिका जगतात धमनीवर. त्यात नव्या लिव्हरभोवतीच्या आडवाटा, म्हणजे रक्त पोचवणाऱ्या पर्यायी छोट्या वाहिन्या, डोनरकडेच कापल्या गेलेल्या असतात. शिवाय जिवंत डोनरकडून मुख्य खोड नाही, फक्त फांदी मिळते: जेमतेम 2-3 मिमीची, आखूड. मायक्रोस्कोपखाली 8-0 किंवा 9-0 अशा अतिशय बारीक दोऱ्याने शिवायची.

काही तासांत पोट पुन्हा उघडलं. ताजी गुठळी होतीच, पण मूळ दुखणं रुग्णाच्या स्वतःच्या धमनीत: आतला थर सुटून आत लोंबत होता. कॅन्सरसाठी आधी दोनदा टेस (TACE), म्हणजे लिव्हरच्या धमनीतून थेट गाठीत केमो देणं, झालं होतं. त्या केमोने धमनी आतून ठिसूळ होते. असा जोड नुसती गुठळी काढून पुन्हा शिवला, तर पुन्हा बंद पडण्याचीच शक्यता जास्त. सर्जननी खराब भाग कापत नेला, लांबी पुरेना, तेव्हा जठराच्या कडेची गॅस्ट्रोएपिप्लोइक धमनी वर वळवून जोडली. टेबलावरच डॉप्लर लावला: आरआय, म्हणजे धमनीतल्या प्रवाहाला होणाऱ्या अडथळ्याचा आकडा, 0.62, ठीक.

नंतर गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन, मग अ‍ॅस्पिरिन. रक्त दाट होऊ नये म्हणून हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) 30 च्या आत, आणि रक्तस्राव नसताना केवळ आकडा सुधारायला प्लाझ्मा-प्लेटलेट चढवायचे नाहीत, हे आयसीयूत बजावलं. सकाळ-संध्याकाळ डॉप्लर.

धमनी चालू राहिली. पित्तनलिकेने मात्र त्या काही तासांचा हिशेब तिसऱ्या महिन्यात मागितला: पित्त अडलं की वाढणारं जीजीटी चढलं, एमआरसीपीत (पित्तनलिकांच्या एमआरआयमध्ये) नलिकेच्या जोडाजवळ आकुंचन दिसलं. ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून एंडोस्कोप घालून, नलिका उघडी ठेवणारी नळी, स्टेंट, घातला. तो दर तीन महिन्यांनी बदलतात.