तुम्ही विचारलंत म्हणून: ती मिटिंग कुठं असती?

लग्नात, मोंढ्यात, एसटी स्टँडवर कुठंही लोक मला बाजूला घेतात आन हळूच विचारतात, भाऊ ती तुमची दारू सोडायची मिटिंग कुठं असती, एका मित्रासाठी पाहिजे होतं. त्या मित्राच्या तोंडाचा वास मला तिथंच येत असतो पण मी काही बोलत नाही. तर एकदाचं लिहूनच टाकतो.

मी जालन्याचा, बियाण्याच्या दुकानात कामाला. नाव लिहीत नाही, आमच्यात जाहीर लिहिताना तसाच नियम आहे. मिटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, सगळे एए म्हणतेत. पत्ता मिळायला मला दहा मिनिटं लागली आन आत जायला चार महिने.

त्याच्या आधी सगळं करून झालं होतं. नाथषष्ठीला पैठणला जाऊन माळ घातली. माळेला मी नावं ठेवत नाही, लई जणांची सुटती, माझी पोळ्यापर्यंत टिकली. बैलं मिरवून आणले, माळ काढून खुंटीला अडकवली आन गेलो. सकाळी पाहतो तर माळ देव्हाऱ्यात, आईनं ठेवलेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग बायकोनं कुणाचं तरी ऐकून चहात दारू सोडवायच्या गोळीची पावडर टाकली, मला न सांगता, आन मी वरून क्वार्टर मारली. तोंड लालबुंद, छातीत धडधड, उलट्या, सगळं घर जागं. ती गोळी डॉक्टर देतेत पण पेशंटला सांगून, लपून दिली तर जीव जाऊ शकतो, हे वहिनींनो नीट वाचा. नंतर एका व्यसनमुक्ती केंद्रात पण राहून आलो, तिथं पैसे आधी आन बोलणं नंतर. सगळे केंद्र तसे नसतेत, पुण्याचं मुक्तांगण 1986 पासून चालू आहे, लोक चांगलंच सांगतेत. पण केंद्र वेगळं आन मिटिंग वेगळी. मिटिंगला भरती नाही, फी नाही, आधार कार्ड नाही. डबा फिरतो, ज्याला जमंल तो दहावीस रुपये टाकतो, बाहेरून देणगी घेतच नाहीत. दारू सोडायची इच्छा पाहिजे, बाकी अट नाही.

मी मुद्दाम संभाजीनगरची मिटिंग धरली, साठ किलोमीटर, कारण गावात आपण मेडिकलवर उभे राहिलो तरी घरी बातमी आपल्या आधी पोचती. पहिल्या रविवारी, ज्या शाळेत मिटिंग भरती तिच्या गेटापर्यंत गेलो, रस प्यालो, परत आलो. दुसऱ्यांदा पण तेच. तिसऱ्यांदा शाळेच्या वॉचमनला म्हणलं, मामा इथं ते क्लास असतेत ना? तो तंबाखू मळत म्हणला, दारू सोडायची का? वर जा, उजवीकडं.

वर पोरांचे बाक, गुडघे आत जाईनात, फळ्यावर सतराचा पाढा. चहा दिला, नाव विचारलं. नुसतं नाव. आपल्याकडं माणूस भेटला की आधी आडनाव, मग गाव, मग पाव्हणे कोण, सगळा सातबारा काढतेत. तिथं कुणी पुढं गेलंच नाही. मग एक पांढऱ्या मिशीचे काका उभे राहिले, म्हणले मी चपटी ज्वारीच्या कणगीत लपवायचो. मी खाली बघत बसलो, कारण माझी बियाण्याच्या पोत्यात असायची आन ते मी आजपर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं.

हे सगळं 1935 ला अमेरिकेत अ‍ॅक्रन नावाच्या गावात सुरू झालं, एक शेअर बाजारातला माणूस आन एक सर्जन, दोघंही बेवडेच. अ‍ॅक्रन म्हणजे टायरच्या कारखान्यांचं गाव, आपल्या जालन्यात सळईचे आहेत तसं. दोघं एकमेकांशी बोलत बसले, बस, पद्धत तीच आहे अजून.

एक मात्र सांगतो. ज्याला सकाळी हात थरथरतेत म्हणून घोट लागतो, त्यानं जोशात एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसात फिट येती, भास होतेत, माणूस जातो. आधी डॉक्टर, संभाजीनगरच्या घाटी सरकारी दवाखान्यात मानसोपचार विभाग आहे, मिटिंग त्याच्या जोडीला.

नव्या माणसाला 90 दिवसात 90 मिटिंग करा म्हणतेत. जालन्यातून कुठलं जमतंय, एसटीतच संसार करावा लागंल. मी मधले दिवस मोबाईलवर मराठी ऑनलाइन मिटिंग धरायचो, गोठ्यात बसून, म्हैस मधीच हंबरायची. ओपन मिटिंगला बायकोला नेता येतं, क्लोज्ड फक्त आपल्यासाठी. घरच्यांसाठी अल-अनॉन वेगळं आहे, तिथं दारूवाल्याला कुणी विचारत नाही, बायकोला लई आवडलं.

पत्ता इथं देत नाही कारण जागा आन वेळ बदलत राहती. एएच्या वेबसाइटवर शहरावरून मिळतंय, निघायच्या आधी फोन करा. तिकडं काही लागलंच नाही तर 14446, व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, फुकट.

आन फोन केल्यावर मित्रासाठी विचारतोय म्हणू नका. मी पण तेच म्हणलो होतो. तिकडचा माणूस म्हणला, या घेऊन मित्राला, तो आत येईपर्यंत तुम्ही बसा.