स्विच बंद केला, एन्ट्रीचं काय?

बँकेचं सॉफ्टवेअर करणाऱ्याला घरचे एकच विचारत असतात, शनिवारी रात्रीच का काम असतंय तुम्हाला? आता खरं तर शनिवार रात्रीलाही काही अर्थ राहिला नाही, डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी चोवीस तास, डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस पण, आणि युपीआय तर झोपतच नाही. गिऱ्हाईक नाही अशी वेळच उरली नाही, तेव्हा नवीन कोड सगळीकडे एकदम टाकून सोमवारी काउंटरवर काय दंगा होतोय ते बघायचं, ही पद्धत सोडावीच लागते.

म्हणून फीचर फ्लॅग. साधी गोष्ट आहे, कोडमध्ये एक अट, फ्लॅग चालू असेल तर नवीन रस्ता नाहीतर जुना. नवीन कोड सर्व्हरवर आधीच जाऊन पडलेला असतो पण बंद, चालू करायचं काम वेगळं, नंतर, हळूहळू.

उदाहरण घ्या. ३० डिसेंबर २०२४ ला रिझर्व्ह बँकेनं सांगितलं की आरटीजीएस-एनईएफटी करताना पैसे पाठवणाऱ्याला समोरच्या खात्याचं नाव दिसलं पाहिजे, १ एप्रिल २०२५ च्या आत. असलं काम आलं की आधी फक्त स्टाफच्या खात्यांना चालू करायचं, मग एक शाखा. शाखा निवडायचं माझं एकच माप, मॅनेजर फोन उचलतो का आणि सरळ बोलतो का. गडहिंग्लजचा एखादा मॅनेजर "ओ साहेब, नाव येतंय पण बटण दाबलं की पान अडकतंय बघा" असं म्हणाला की अर्धं डिबगिंग, म्हणजे चूक शोधायचं काम, तिथंच झालं. आणि दूध बिलं जमा व्हायच्या दिवशी कुठलाही फ्लॅग हलवायचा नाही, मग कोणी कितीही घाई करू दे. दर दहा दिवसांनी गावागावातनं लोक पैसे आले का बघायला येतात, त्या दिवशी प्रयोग करणाऱ्याला कोल्हापुरात कोण माफ करत नाही.

इथपर्यंत सगळ्या ब्लॉगवर सारखंच असतंय. पण ते सगळं शॉपिंग ॲपवाल्यांनी लिहिलेलं. बटणाचा रंग बदलला, आवडला नाही, फ्लॅग बंद, विषय संपला. पैशात तसं नसतंय भावा. फ्लॅग बंद केला म्हणून पोस्ट झालेली एन्ट्री मागं येत नाही. ती खात्यात बसली, पासबुकात छापली गेली, आता उलटी एन्ट्रीच मारावी लागणार. आणि ती मारायची तर कुठली एन्ट्री नवीन रस्त्यानं आली ते कळायला पाहिजे ना, म्हणून व्यवहार सुरू होताना फ्लॅग एकदाच वाचायचा आणि तो चालू होता की बंद ते त्या व्यवहाराबरोबरच सेव्ह करायचं. मध्येच परत विचारायचं नाही, नाहीतर डेबिट जुन्या नियमानं आणि चार्जेस नव्या नियमानं.

सगळ्यात वाईट रात्रीची बॅच, म्हणजे सगळ्या खात्यांचा हिशोब एका दमात करणारं काम. समजा सेव्हिंगच्या व्याजाचं राउंडिंग, म्हणजे पैशांची पूर्णांकात गोळाबेरीज करायची रीत, बदललंय, बॅच निम्मी खाती करून पुढं चाललीय आणि तेवढ्यात कोणीतरी फ्लॅग चालू केला. निम्म्या खात्यांना जुना हिशोब, निम्म्यांना नवा. गंमत म्हणजे ट्रायल बॅलन्स, म्हणजे सगळ्या नावे-जमेचा ताळा, जुळतो! खर्चाला पडलं तेवढंच खात्यांना जमा झालं, मग जुळणारच की. दिवसअखेर हिरवीगार, चूक मात्र आत. ती सापडणार ऑडिटरला, नाहीतर पेठेतल्या एखाद्या रिटायर्ड मास्तरांना, जे व्याज हातानं काढून बघतात. म्हणून बॅच सुरू होताना फ्लॅग गोठवायचा, संपेपर्यंत तोच.

आणि फ्लॅग चालू आहे की बंद हे सांगणाऱ्या सर्व्हिसशी कनेक्शन तुटलं तर? तर जुना रस्ता. यावर चर्चा नको.

जुने फ्लॅग हा वेगळाच ताप. १ ऑगस्ट २०१२, अमेरिकेतली नाइट कॅपिटल, शेअरची खरेदी-विक्री करणारी कंपनी. २००३ पासून वापरात नसलेलं शेअर ऑर्डरचं एक फंक्शन कोडमध्ये तसंच पडून होतं, त्याचाच फ्लॅग त्यांनी नव्या कामाला वापरला. आठ सर्व्हर, नवा कोड सातांवर गेला, एक राहिला. सकाळी फ्लॅग चालू, आणि त्या आठव्यावर मेलेलं फंक्शन जिवंत होऊन ऑर्डरी सोडत सुटलं. ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरच्या वर तोटा. त्यात घाबरून त्यांनी काय केलं, तर बरोबर चाललेल्या सात सर्व्हरवरचा नवा कोड काढला, फ्लॅग तसाच ठेवून. मग सातही आठव्यासारखेच वागायला लागले. कोड मागं घ्यायच्या आधी फ्लॅग बंद, हा क्रम मी त्यातनं उचललाय. आणि फ्लॅगचं नाव परत वापरायचं नाही, कधीच. काम झालं की अट, जुना रस्ता, फ्लॅग, तिन्ही उपटून टाकायचे, त्याची तारीख फ्लॅग बनवतानाच लिहायची.

आता राहिला वादाचा मुद्दा, स्विच कुणाच्या हातात? आमच्यातले काही म्हणतात डेव्हलपरच्याच, बँकवाल्यांना काय कळतंय. मला ते पटत नाही. बँकेत दहा हजाराचं व्हाउचर एकजण टाकतो, दुसरा पास करतो, आणि सगळ्या शाखांचं व्याज बदलणारा स्विच मात्र एकटा पोरगा राजारामपुरीतल्या ऑफिसात बसून चहा पीत पीत फिरवणार? मेकर-चेकर, म्हणजे एकानं टाकायचं आणि दुसऱ्यानं पास करायचं, इथं पण पाहिजे, चेकर बँकेचाच, आणि कोणी कधी काय फिरवलं त्याचा लॉग, म्हणजे नोंद. बंद करायला मात्र एकाची सही पुरे, आग लागल्यावर दुसऱ्याला शोधत बसायला वेळ नसतो.